कुठून धरू?

पुण्यात थंडी पडली की नाही हे तापमानावरून ठरत नाही, कानटोप्यांवरून ठरतं. गेल्या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या वॉचमनने कानटोपी चढवली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फिरायला निघालेल्या समस्त ज्येष्ठ नागरिकांची डोकी लोकरीत गेली. आमच्या सोसायटीला इटलीतल्या कुठल्याशा गावाचं नाव आहे. बाल्कनीतून उसाचं शेत दिसतं. मांजरीत, म्हणजे पुण्याच्या या टोकाला, हिवाळा आला हे कळायला आणखी काही लागत नाही. रस्त्यावरून डुलत जाणारे उसाचे ट्रॅक्टर, त्यांच्यामागे हॉर्न वाजवून थकलेल्या गाड्या, आणि संध्याकाळी पाचट जळल्याचा किंचित गोडसर, घशात खवखवणारा वास. नवे रहिवासी या वासाची सोसायटीच्या ग्रुपवर तक्रार करतात. शेत आधीपासून होतं हे त्यांना कुणी सांगत नाही. सांगून उपयोगही नाही.

स्वेटर माळ्यावर असतात. यंदा ते काढताना त्यांच्या बाजूलाच ठेवलेली आमच्या तंबूची पिशवी घसरली आणि अविनाशच्या पायाशी येऊन पडली. अविनाश माझा नवरा. तो पिशवी उचलायला वाकू लागला, अर्ध्यात थांबला, सरळ झाला आणि म्हणाला, "तूच घे."

मी घेतली. पिशवीच्या तळाला अजून धरणाकाठची माती चिकटलेली होती, वाळून पापुद्रे झालेली. 'तूच घे' हे दोन शब्द अविनाशच्या तोंडून निघावेत म्हणून एक अख्खा हिवाळा खर्ची पडला होता. ती माती त्याच हिवाळ्यातली.

आमची मुलगी रेवा तेव्हा अकरा वर्षांची होती. तिच्या पायांत जन्मापासून जोर नाही. मेंदूचा निरोप पायांपर्यंत नीट पोचत नाही, असं डॉक्टरांनी सोपं करून सांगितलं होतं. बाकी सगळे निरोप तिच्याकडे वेळेआधी पोचतात. ती चाकांच्या खुर्चीत बसते, आणि जिथे खुर्ची जात नाही तिथे अविनाश तिला उचलून नेतो. म्हणजे तेव्हा न्यायचा. फक्त तोच. जिना, बस, नाटकाचं थिएटर, नातेवाइकांच्या लग्नातला तो अनाकलनीय उंचीचा स्टेज. कुणी "मी धरू का?" म्हणालं की अविनाश हसून "नको नको, सवय आहे" म्हणायचा. सवय त्याला होती, त्याच्या पाठीला नव्हती. रेवा दर वर्षी वाढत होती आणि पाठ तिथेच होती.

मदत नको म्हणायला आमच्याकडे कारणं होती, आणि ती काही वाईट नव्हती. एकदा एका मंडळाने खुर्च्या वाटपाचा कार्यक्रम केला. आमच्याकडे खुर्ची होती, तरी कुणाच्या तरी आग्रहाखातर गेलो. मुलांना उन्हात मांडवाच्या कडेला ओळीने बसवलं होतं आणि प्रमुख पाहुणे येईपर्यंत बासरीची धून वाजत होती. पाहुणे आले, त्यांचा सत्कार झाला, सत्कार करणाऱ्यांचा सत्कार झाला, मग खुर्च्या. प्रत्येक खुर्चीच्या पाठीवर देणाऱ्याचा रंगीत फोटो. रेवाने निरखून पाहिलं आणि म्हणाली, "आपण टेकून बसलो की त्यांचं तोंड झाकलं जातं. ते बरंय." खुर्ची तिच्या मापापेक्षा बरीच मोठी होती. आम्ही ती दुसऱ्या एका घरी देऊन टाकली. फोटोसकट.

अशा दोन-चार समारंभांनंतर माणूस ठरवतो की आपलं आपण बघू. मग त्या ठरवण्याचंच एक तत्त्वज्ञान होतं, आणि तत्त्वज्ञान झालं की ते मोडणं कठीण.

माझ्या बाजूने यात डब्यांची भर होती. आलेला डबा रिकामा परत जात नाही, ही माझ्या आईची पद्धत. बऱ्याच घरांत असते. डब्यात साखर घालून दिली तरी चालते. मी मात्र ती पद्धत युद्धपातळीवर नेली होती. आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये संघमित्रा आणि मिलिंद राहायला आले, भंडाऱ्याकडची माणसं. तो हडपसरला एका कंपनीत कॉम्प्युटरपुढे बसतो, ती सरकारी कचेरीत आहे. त्यांची मुलगी सम्यका रेवाच्याच वर्गात. आल्याच्या आठवड्यात संघमित्राने सांबारवडीचा डबा दिला. आता हा सांबार म्हणजे इडलीबरोबरचा नव्हे. त्यांच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. मी त्याच संध्याकाळी डबा घासून, चिरोटे भरून परत केला. तिने तिळाची चटणी दिली, मी दुसऱ्या दिवशी लिंबाचं लोणचं. असं वर्ष-दीड वर्ष चाललं. एकदा ती दारात म्हणाली, "ताई, डबा थंडा तरी होऊ देत जा."

मला तो विनोद वाटला. तिला तो विनोद वाटत नव्हता, हे पुढे कळलं.

तर त्या जानेवारीत मिलिंदने टूम काढली की दोन्ही घरांनी मिळून धरणाकाठी तंबूत राहायला जायचं. अविनाशने आधी "बघू" म्हटलं. पुणेरी 'बघू'चा अर्थ मिलिंदला एव्हाना माहीत झाला होता. तो म्हणाला, "दादा, तुम्ही नुसतं बघूनच राहिले. मी बुकिंग करून राहिलो."

जायचं ठरलं, पण आमच्या पद्धतीने. दोन घरांत मिळून एक शेगडी पुरली असती. आम्ही आमची वेगळी घेतली. आमचा तंबू, आमचे तांदूळ, आमची दोरी, पिण्याच्या पाण्याचे कॅन, घडीची खाट, मीठ. काहीही मागायची वेळ येऊ नये इतकं सगळं. गाडीची डिकी लागेना. मिलिंद खाली उभा राहून पाहत होता. म्हणाला, "वहिनी, आपण कँपिंगले चाललो की बदली झाली तुमची?"

"असू द्या," मी म्हटलं. "तिथे काही मिळत नाही."

"आम्ही राहू न तिथं," तो म्हणाला.

मी मिठाचा डबा आणखी आत खोचला.

मुळशीच्या बाजूला गेलं की हिवाळ्यात डोंगर पिवळट तपकिरी झालेले असतात आणि धरणाचं पाणी मात्र निळं, जणू कुणी दुसऱ्या चित्रातून कापून आणून चिकटवलेलं. कँपच्या दारावर खोट्या फुलांची कमान होती. 'निसर्गाच्या कुशीत' असा बोर्ड, त्याखाली दिव्यांच्या माळा, आणि फोटो काढण्यासाठी पंखांचं एक चित्र. निसर्गाला त्याच्या जागेवर राहूनही एवढी सजावट लागते हे मला नवीन होतं. कँपचा मॅनेजर माइक घेऊन फिरत होता. रेवाची खुर्ची कमानीतून आत आली तशी त्याचा आवाज एकदम मऊ झाला.

"मित्रांनो, आज आपल्या कँपवर एक स्पेशल पाहुणी आलेली आहे! जोरदार टाळ्या!"

सगळ्या तंबूंतून टाळ्या आल्या. रेवानेही वाजवल्या आणि मान वळवून, कोण आलंय ते पाहायला मागे बघू लागली. सम्यकाही बघू लागली. दोघी बराच वेळ कमानीकडे बघत होत्या. मॅनेजरने माइक बंद केला.

दुपारी मुलींना पाण्यापाशी जायचं होतं. चपटा दगड पाण्यावर टप्पे खात किती लांब जातो, यावर त्यांची शाळेपासून पैज लागलेली होती. पण थंडीत धरणाचं पाणी मागे सरकतं आणि काठाचा उतार उघडा पडतो. गोटे, भेगाळलेली माती, मधेच ओल. खुर्चीची चाकं पहिल्याच गोट्यांत अडकली. अविनाशने नेहमीप्रमाणे बाह्या वर सारल्या आणि रेवाला उचललं. मिलिंद सरपण घेऊन येत होता. त्याने विचारलं, "येऊ काय?" अविनाश हसला. "नको नको, सवय आहे."

मी मागून खुर्ची ओढून घेत होते, म्हणून मला नेमकं काय झालं ते दिसलं नाही. दिसलं ते एवढंच, की उताराच्या मध्यावर अविनाश एका मोठ्या दगडावर बसला आहे, रेवा मांडीवर आहे, आणि दोघं शांत आहेत. एखाद्या कॅलेंडरवर शोभावं असं दृश्य.

मी जवळ गेले. अविनाशच्या कपाळावर जानेवारीत घाम होता.

"बसलोय जरा," तो म्हणाला. "काय छान दिसतंय नाही इथून?"

"बाबा, इथून संडास दिसतोय," रेवा म्हणाली.

"पलीकडे बघ ना. डोंगर बघ."

"पाठ गेली ना तुझी?"

"नाही गं."

"मग ऊठ."

तो उठला नाही. त्याला उठता येत नव्हतं, पाठीत उसण भरली होती. मी रेवाला उचलायला पुढे झाले, पण त्या उतारावर मला एकटीला ते जमणार नव्हतं, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. आम्ही तिघं एकमेकांकडे पाहत होतो आणि चौथ्या कुणाचं नाव घ्यायला दोघं मोठे तयार नव्हते. मला आठवतं, त्या क्षणी मी खरोखर मनात हिशेब करत होते की घडीची खाट इथपर्यंत आणता येईल का.

रेवाने तोंडाशी हात धरले आणि हाक मारली, "मिलिंदकाका!"

"अगं, कशाला त्यांना..." अविनाश म्हणाला.

"मग काय इथेच राहायचं? तंबू तिकडे आहे."

मिलिंद सरपण टाकून आला. पँटला हात पुसले आणि रेवासमोर उकिडवा बसला. आमच्याकडे त्याने पाहिलंही नाही. तिलाच विचारलं, "कुठून धरू?"

या प्रश्नाबद्दल मी नंतर पुष्कळ विचार केला आहे. रेवाच्या अकरा वर्षांत मदतीला आलेल्या लोकांचे दोन प्रकार मी पाहिले होते. एक, जे लांबून चुकचुकतात. दोन, जे येऊन एकदम खुर्चीला किंवा तिच्या दंडाला हात घालतात, सुटकेस हलवावी तसे. मंचावर टाळ्या वाजवून घेणारे बहुतेक दुसऱ्या प्रकारचे. 'कुठून धरू' असं तिला कुणी विचारलं नव्हतं. आम्हीही नाही, आम्हाला माहीतच होतं ना.

रेवाकडे मात्र उत्तर तयार होतं. "डावा हात पाठीमागे. उजवा गुडघ्यांच्या खाली, मांडीखाली नाही. उचलायच्या आधी सांगा, म्हणजे मी मानेला धरीन. आणि 'अरे बापरे, केवढी जड' असं म्हणायचं नाही."

"मनात म्हटलं तर चालते?"

"मनात चालेल."

"बरं मॅडम. उचलू?"

"उचला."

त्याने तिला उचललं आणि पाण्याकडे नेलं. उतारावर तिचा आवाज ऐकू येत होता, "हळू, काका, तिथे ओल आहे. डावीकडून. हां." अविनाश दगडावर बसून पाहत होता. त्याच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला नीट सांगता येणार नाही. हेवा होता म्हणावं तर नव्हता. आपण रोज चालतो तो रस्ता कुणीतरी नकाशा पाहून चालताना बघावं, तसं काहीतरी.

मिलिंद परत आला. "आता तुम्ही, दादा. कुठून धरू?"

"मी येतो हळूहळू."

"या मग. रात्रीच्या जेवणापर्यंत पोचाल न?"

अविनाश हसला. हसताना पाठीत कळ आली आणि त्याने आपोआप मिलिंदचा दंड धरला. अशा रीतीने आमचं तत्त्वज्ञान एका उसणीत निकाली निघालं, असं म्हणायला मला आवडलं असतं. पण ते तसं निघालं नाही. खरं काम पुढे झालं, आणि ते एका बाटलीने केलं.

अविनाशला आमच्याच खाटेवर आडवं केलं. तेवढी एक गोष्ट आणलेली कामाला आली. मुली पाण्यापाशी दगड फेकत होत्या. रेवाला तिथे खुर्चीची गरज नव्हती, सपाट कातळावर ती बसली होती. चाकं ढकलून तिच्या हातांत चांगला जोर आहे आणि तिचे दगड सम्यकाच्या दगडांपेक्षा लांब जात होते. मी तिची पाण्याची बाटली भरायला घेतली. बाटली भरलेलीच होती. सकाळी घरून भरून दिली होती तशी, काठोकाठ.

"ही थंडीत पाणीच पीत नाही," मी संघमित्राला सहज म्हटलं.

सम्यका चपटा दगड शोधत जवळच वाकली होती. मान वर न करता म्हणाली, "थंडीत नाही काकू, बाहेर गेल्यावर. शाळेच्या ट्रिपला काका आलेले, तेव्हा पण नाही प्यायली. प्यायलं की बाथरूमला जावं लागतं, मग तुम्हाला उचलावं लागतं. काकांची पाठ दुखते ना." तिला हवा तसा दगड सापडला आणि ती पळाली.

मी बाटलीचं झाकण उघडलं आणि पुन्हा लावलं. घरी संध्याकाळी ही मुलगी तांब्याच तोंडाला लावायची, ते मला आठवलं. आम्ही तिला कौतुकाने उंट म्हणायचो. कुणाला त्रास नको म्हणून आम्ही दोघं सगळ्या जगापासून चार हात लांब राहत होतो, आणि घरातल्या सर्वांत लहान माणसाने आमचाच नियम उचलून आम्हाला लावला होता. इतका चोख, की आम्हाला पत्ता लागला नाही. शिकवण लागू पडते ती अशी.

संघमित्राने हे सगळं ऐकलं होतं. तिने शेगडीवर चहा टाकला. आमच्या नव्हे, त्यांच्या. माझी शेगडी डिकीतच होती.

उन्हं उतरली तशी गारठा वाढला. मिलिंदने शेकोटी पेटवली, रेवाला तिच्या सूचनांनुसार वर आणलं. दुसऱ्या फेरीला सूचना कमी झाल्या होत्या. मॅनेजर माइकवरून जुनी गाणी म्हणत होता आणि निसर्ग ते सहन करत होता. सगळ्यांच्या हातांत चहा आला. रेवाने अर्धा कप संपवला आणि ठेवून दिला.

"अजून घेते काय गं?" संघमित्राने विचारलं.

रेवाने खाटेकडे पाहिलं. अविनाश गरम पाण्याची पिशवी पाठीखाली घेऊन तारे उगवायची वाट बघत असल्यासारखा पडला होता. मग तिने माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी अकरा वर्षं पाहत असणार. त्या संध्याकाळी पहिल्यांदा मला ती वाचता आली. ती परवानगी मागत नव्हती. उचलायला कोण आहे, ते मोजत होती.

"घे," मी म्हटलं. "काकू आहे ना."

एवढंच वाक्य. लिहिताना अगदी साधं दिसतं. पण ते म्हणजे मी स्वतःहून संघमित्राच्या हातात, तिला न विचारता, एक काम दिलं होतं, आणि त्याबदल्यात माझ्या डब्यात भरून द्यायला काहीही नव्हतं. संघमित्राने चेहऱ्यावर काही न दाखवता कप काठोकाठ भरला. रेवा तो प्यायली. मग बाटलीतलं पाणी मागितलं. ते प्यायली. मग स्वाभाविकच थोड्या वेळाने म्हणाली, "आई, जायचंय."

कँपच्या संडासाला दोन उंच पायऱ्या होत्या. कमानीवर फुलं लावणाऱ्यांना त्या दिसल्या नसाव्यात. मी एका बाजूने, संघमित्रा दुसऱ्या बाजूने. तिने बाह्या वर केल्या, रेवाच्या पातळीला वाकली आणि विचारलं, "कुठून धरू?"

घरी परतल्यावर अविनाश पंधरवडाभर झोपून होता. रेवाला सकाळी खाली शाळेच्या व्हॅनपर्यंत मिलिंद नेऊन बसवायचा आणि ऑफिसला जायचा. लिफ्ट बंद असली की जिन्यात रेवाच्या सूचना ऐकू यायच्या. संघमित्राकडून रोज डबा यायचा. पहिल्या दिवशी मी रात्री बेसनाचे लाडू वळायला घेतले, आणि तूप गरम करता करता झोप आली म्हणून गॅस बंद केला. डबे ओट्यावर साठत गेले. शेवटी एका रविवारी सगळे घासून, एकात एक घालून, मी तिच्या दारात उभी राहिले. सगळे रिकामे. हात विचित्र हलके वाटत होते.

तिने एकेक झाकण उघडून आत पाहिलं. साखरसुद्धा नव्हती.

"आता कसं," ती म्हणाली, आणि मला आत बसवून पोहे दिले.

यंदा तंबूची पिशवी माळ्यावरून पडली ती बरोबर वेळेला. रेवा आता चौदाची आहे. शनिवारी सकाळी ती मिलिंद, संघमित्रा आणि सम्यकाबरोबर त्याच धरणाकाठी गेली. आम्हाला बोलावलंच नाही. "तुम्ही दोघं या पुढच्या वेळी," असं म्हणाली, "बाबाची पाठ बरी असली तर." आमचा तंबू नेला, मीठ नेलं नाही. अविनाश बाल्कनीत उभा राहून गाडी उसाच्या ट्रॅक्टरमागे अडकलेली बघत राहिला. मग दिवसभर आम्ही दोघं घरात एकमेकांच्या वाटेत येत होतो. त्याने दोनदा फोन हातात घेतला. मी दोनदा काढून घेतला. नंतर मी एकदा घेतला आणि त्याने काढून घेतला.

रविवारी दुपारी ते परतले. मिलिंदने रेवाला गाडीतून उचलून खुर्चीत बसवलं. आता तो विचारत नाही आणि ती सांगत नाही. तिच्या केसांना धुराचा वास होता. अविनाशने विचारलं, "कसं झालं?" ती म्हणाली, "मस्त," आणि चौदाव्या वर्षी याहून जास्त कुणी सांगत नाही.

तिची खुर्ची आत घेताना मी बाजूच्या खिशातली बाटली काढली. हलवून पाहिली.

रिकामी होती.